बिशपसाहेबांचे कप

"कपाटाची किल्ली द्या, मावशी. चहा उकळून उकळून त्याचा काढा व्हायची वेळ आली."

नव्या पाळकसाहेबांची बायको हात पुढे करून उभी होती. मावशींनी गळ्यातली किल्ली मुठीत घट्ट धरली. चर्चच्या स्वयंपाकघरात पातेलं रटरटत होतं आणि बाहेर हॉलमध्ये, रात्र उघड्यावर काढलेली माणसं बाकांवर अंग चोरून बसली होती. दर रविवारी उपासनेआधी त्यांना चहा-पाव मिळायचा, तो स्टीलच्या पेल्यांतून. पेले कोठीत होते, कोठीला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली खिशात घालून चर्चचा शिपाई बहिणीकडे गेला होता.

"येऊ दे त्या गाढवाला, बघतेच त्याच्याकडे," मावशी म्हणाल्या.

"तो उद्या येईल. माणसं आत्ता गारठलीत."

उरले होते ते काचेच्या कपाटातले कप. पातळ, पांढरे, निळ्या काठाचे. बिशपसाहेब आले की ते निघायचे, आणि बिशपसाहेब गेले की मऊ फडक्यात गुंडाळून परत आत जायचे. सासूबाईंच्या गळ्यातली किल्ली मावशींच्या गळ्यात आली त्याला जमाना लोटला होता, पण अजून एकाही कपाचा कान उडाला नव्हता. देवाच्या घरातली वस्तू आपली नव्हे, आपण ती फक्त राखायची, हे मावशींचं साधं गणित. त्यात हयगय केली तर वर जाऊन काय तोंड दाखवायचं?

"अहो, फुटतील! त्यांचे हात बघितलेत का? कसे लटलट कापताहेत."

"म्हणून तर चहा हवाय."

"आणि मालकाला मी काय उत्तर देऊ?" मावशी देवाला मालकच म्हणत, जणू तो महिन्याच्या पहिल्या तारखेला तपासणीला येणार होता.

"मालकाने विचारलं, कपांचं काय केलंस, तर काय सांगाल?"

"धुऊनपुसून कपाटात ठेवलेत, असं सांगीन."

पाळकबाई नुसत्या बघत राहिल्या. वय सुनेचं, पण बघणं थेट सासूचं. मावशींना आपलंच उत्तर कसंतरी लागलं. मालकाने दिलेला पैसा कामी लावायचा सोडून जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची बायबलमधली गोष्ट त्यांनी रविवारच्या शाळेत पोरांना कितीदा तरी सांगितली होती, आणि दर वेळी त्या चाकराला बावळट म्हटलं होतं.

किल्ली गळ्यातून निघाली. "पण भरणार मी आणि नेणार मी," मावशींनी बजावलं. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

हॉलमधल्या टेबलावर त्यांनी कप मांडले, काही भरले आणि ट्रे घेऊन त्या पहिल्या बाकापाशी गेल्या. तिथे म्हातारा हमाल बसला होता. त्याने कपांकडे पाहिलं आणि दोन्ही हात काखेत घातले.

"नको बाई. माझा डबा आहे." पिशवीतून त्याने पत्र्याचा डबा काढला. "यात ओता."

"अहो, गंजलाय तो!"

"चालतंय. पडला तरी कुणी ओरडत नाही."

शेजारच्या बाईनेही मान हलवली. तिच्या पलीकडचा माणूस भिंतीकडे बघू लागला. ट्रे बाकाच्या टोकापर्यंत जाऊन तसाच परत आला. थंडीने ओठ निळे पडलेली माणसं समोरच्या वाफाळत्या चहाकडे बघत होती, पण हात कुणाचा पुढे येत नव्हता.

मग मावशींना आठवलं. मागच्या हिवाळ्यात याच हमालाच्या हातून पेला पडला होता. स्टीलचा पेला, नुसता पोचा आला होता. "फुकटचं मिळतं म्हणून आपटायचं का?" असं त्या भर हॉलमध्ये ओरडल्या होत्या. नंतर विसरूनही गेल्या होत्या. बाकावरचं मात्र कुणीच विसरलं नव्हतं.

"घ्या हो," त्या म्हणाल्या. "मी काही बोलणार नाही."

कुणाचा विश्वास बसला नाही. बसणार कसा? हेसुद्धा त्यांनी दरडावूनच सांगितलं होतं.

मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला. एक रिकामा कप उचलला. सवयीने उजेडात धरून पाहिला, अंगठ्याने त्याचा निळा काठ पुसला. मग हात खांद्याइतका वर नेला आणि बोटं उघडली.

खळ्ळकन आवाज झाला. स्वयंपाकघरातून पाळकबाई धावत आल्या आणि दारातच थबकल्या.

"झालं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चिरकला होता. "पहिला कप कोण फोडतो, याचीच धास्ती होती ना सगळ्यांना? तो मी फोडला. आता कुणाच्या हातून फुटला तर तो आपला दुसरा. घ्या मुकाट्याने, गार होतोय."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. हमालाने डबा पिशवीत टाकला आणि तो उठून टेबलापाशी आला. दोन्ही तळव्यांत धरून त्याने कप उचलला, डोळे मिटून एक घोट घेतला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"मावशी," तो म्हणाला, "साखर कमी पडलीय हो."