कॅप्टनचं हेल्मेट

हेल्मेट डोक्यात गेलं ते गेलं, बाहेर काही येईना.

श्रीपादने दोन्ही हातांनी ओढलं. कान मुडपले, नाक चपटं झालं, हेल्मेट जागचं हललं नाही. तेवढ्यात हेमा त्याचा इस्त्रीचा शर्ट घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"अहो! अकराला ती माणसं येतायत. आजच घालायचं होतं का हे?"

ती माणसं म्हणजे नील आणि त्याचे आईवडील, कल्याणहून. नील आणि त्यांची लेक मैथिली यांचं लग्नाचं आपापसात ठरलेलंच होतं. आज मोठ्यांनी बसून पक्कं करायचं होतं.

त्रेपन्न वर्षांच्या, विमा कंपनीत हेडक्लार्क असलेल्या माणसाने अंतराळवीराचं हेल्मेट कशाला बनवावं, याचं उत्तर श्रीपादकडेही नव्हतं. लहानपणी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची. तिच्यातला कॅप्टन हेल्मेट कधी काढायचा नाही आणि कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. पुढच्या महिन्यात ठाण्याच्या एका मॉलमध्ये असल्या वेशभूषांची स्पर्धा होती. तेवढं निमित्त पुरलं. चार महिने डोंबिवलीतल्या आपल्या गॅलरीत बसून श्रीपादने जाड फोम कापला, गरम हवेने वाकवला, चिकटवला, वर गाडीचा चंदेरी रंग मारला. डोक्याचा घेर टेपने तीनदा मोजला. फक्त कान हिशेबात धरायचे राहिले.

त्या कॅप्टनने चौदा ग्रह जिंकले होते. श्रीपादला सोसायटीत स्कूटर लावायला जागा मागता आली नव्हती. समोरच्याने आवाज जरा चढवला की हा "बघू, तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळा. लेक हे ओळखून होती. मैथिली खोपटच्या एसटी डेपोत इंजिनिअर होती. पहाटेच गाडी बंद पडल्याचा फोन आला, आणि चपला घालता घालता तिने बजावलं होतं, "बाबा, मी एकपर्यंत येते. तोवर माझ्या वतीने कशालाही हो म्हणू नका. प्लीज."

हेमाने मानेच्या फटीतून अर्धी वाटी खोबरेल ओतलं. एवढ्यात बेल वाजली. ती पुटपुटली, "बाथरूममध्ये जा, कडी लावा. आणि हे निघाल्याशिवाय बाहेर येऊ नका."

कॅप्टन शर्ट आणि चष्मा घेऊन बाथरूममध्ये गेला आणि कडी लावून घेतली.

दहा मिनिटं झटापट चालली. शेवटी डोकं थोडं वाकडं केलं आणि बाटलीचं बूच निघावं तसं हेल्मेट निघालं. श्रीपादने शर्ट अंगात घातला आणि चष्मा लावून आरशात पाहिलं. लाल कान, तेलाने थबथबलेले चार केस, आणि तो चेहरा. ओळखीचाच होता.

बाहेर गोपीनाथराव बोलत होते. नीलचे वडील. आवाज खणखणीत.

"स्पष्टच बोलतो, वहिनी. मुलगी चांगली आहे. पण डेपोत दिवसभर पुरुषांत, हातात पाना, अंगाला ग्रीस. आमच्याकडे हे चालायचं नाही. लग्नानंतर तिने ती नोकरी सोडायची. चार लोकांत बरं दिसेल अशी दुसरी मिळेल. कबूल असेल तर आजच तारीख काढू."

"ह्यांना विचारायला हवं," हेमा म्हणाली.

आता आपण बाहेर गेलो की काय म्हणणार, हे श्रीपादला पाठ होतं. आरशातल्या माणसाचे ओठ त्याच वाक्याची तयारी करत होते. त्याने चष्मा खिशात टाकला, हेल्मेट उचललं आणि पुन्हा डोक्यात घातलं. तेलामुळे ते सुळकन गेलं.

तो बाहेर आला तेव्हा नीलच्या आईचा, शालनताईंचा, पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला. नीलने मोबाइलमधून डोकं वर काढलं.

श्रीपाद हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि बोलला. आयुष्यात कधी बोलला नव्हता तसा बोलला. मैथिली नोकरी सोडणार नाही. तिने हात लावलेल्या गाड्या माणसं भरून घाट उतरतात. त्या ग्रीसची आम्हाला लाज वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर पोहे संपवा आणि निघा. हेल्मेटच्या आत शब्द शंखासारखे घुमत होते. त्याच्या अंगावर काटा आला.

सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळले. जिंकलो, असं त्याला वाटलं.

गोपीनाथराव हेमाकडे झुकले. "काय म्हणाले हो? नुसतं घूंऽ घूंऽ ऐकू आलं."

हेमाने नवऱ्याकडे पाहिलं. तिने सवयीने सांभाळून घेतलं. "काही नाही, अजून पोहे घ्या म्हणतायत."

नुसती होकाराची मान हलवली असती तरी भागलं असतं. श्रीपादने मान हलवायला सुरुवातही केली. मग त्याचे हात वर गेले. हेल्मेट निघालं, खोबरेलाची धार कपाळावरून नाकावर आली. शर्टाच्या टोकाने त्याने तोंड पुसलं. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. आता गोपीनाथरावांच्या भुवया अगदी स्पष्ट दिसत होत्या.

"मैथिली डेपोतली नोकरी सोडणार नाही," तो म्हणाला. "बाकी आणखी बरंच बोललो होतो. पण मुख्य हे."

आवाज चिरका निघाला, शेवटी तर फाटलाच. गोपीनाथरावांनी बशी टीपॉयवर ठेवली. शालनताईंनी पदर सारखा केला.

नील उठला. वडिलांकडे न बघता तो श्रीपादजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, मलापण बाबांना हेच सांगायचंय. महिना झाला, जमत नाहीये. ते हेल्मेट जरा देता?"

श्रीपादने हेल्मेट पाठीमागे धरलं.

"देऊन उपयोग नाही रे," तो म्हणाला. "आतून बोललेलं बाहेर कुणाला ऐकू जात नाही."