रविवारची सोय

प्रार्थनामंदिराच्या फाटकासमोर गाडी थांबली, तरी ताई उतरली नाही. दुखरा गुडघा चोळत बसून राहिली.

"बोल की," स्टिअरिंगवरचा हात न काढता भाऊ म्हणाला.

तो बसड्रायव्हर. आठवडाभर गावाला फिरवायचा आणि सुट्टीच्या एकुलत्या एक सकाळी बहिणीला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून एक रविवार चुकला नव्हता. स्वतः मात्र आत कधी पाऊल टाकलं नाही. ती बाहेर येईपर्यंत दीड तास गाडीत पेपर वाचायचा.

"मी नाही येणार तुझ्या लग्नाला," ताई म्हणाली. "मास्तर माणूस चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण दोन पुरुषांचं लग्न माझ्या धर्मात बसत नाही. मनात नसताना येऊन टाळ्या वाजवल्या, तर ती तुझीही फसवणूकच."

"मला ते पटत नाही, ताई. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला चारचौघांत मित्र म्हणायचं, याला मी फसवणूक म्हणतो. तुझ्या देवालाही तसंच वाटत असेल."

"माझ्या देवाचं तू नको सांगूस."

"बरं, राहिलं."

"रागावलास?"

"राग नाही. वाईट वाटलं."

हा भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. भांडणात तिला आजवर कुणी हरवलं नव्हतं.

तो उतरला, वळसा घालून तिच्या बाजूला आला, दार उघडून काठी तिच्या हातात दिली.

"पुढच्या रविवारी मी नाही. मास्तरनं त्याच्या मावशीला सांगून ठेवलंय. त्या साडेनऊला तुला घ्यायला येतील, घरीही सोडतील."

"अरे, पण लग्न अकराला ना? त्यांचं चुकेल की!"

"मीही तेच म्हणालो. तर म्हणे, मावशी जेवायला पोचल्या तरी चालेल, ताईंची प्रार्थना बुडायला नको."

ताईनं काठी घट्ट धरली. ती पायऱ्या चढून आत गेली.

नेहमीच्या बाकावर नर्सबाईंनी सरकून जागा दिली. "भाऊ गुणाचा हो तुमचा! किती वर्षं आणतोय. पुढच्या रविवारी आत घेऊन या त्याला."

"पुढच्या रविवारी नाही जमायचं त्याला."

"का? काही विशेष?"

"छे, विशेष कसलं," ताई म्हणाली. "ड्यूटी आहे."

प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. ताईला मिटवेनात.