तीस दिवस रिकामं घर

एकतिसावा दिवस उजाडला तरी घर अक्षयच्याच नावावर होतं.

उल्हासनगरहून जितेशचा फोन आला. "अक्षयभाई, ये क्या है? आत्ता बघितलं मी. मालक अजून तूच दाखवतोय."

"असं कसं होईल? महिनाभर गेम उघडलाच नाही मी."

"नसता उघडला तर घर माझं झालं असतं ना?"



घर होतं मोबाइलवरच्या एका गेममधलं. समुद्रकाठचं, चार खोल्यांचं. खेळणारे लाखो आणि किनाऱ्यावर प्लॉट मोजून दोनशे. अक्षयला तीन वर्षांपूर्वी लॉटरीत लागलं होतं. दलालांनी किनारा बळकावू नये म्हणून कंपनीचा नियम कडक होता: घर विकायचं नाही. विकताना सापडलात तर घर पाडणार आणि खातंही बंद करणार.

पण नियम आला की पळवाट आलीच. मालक सलग तीस दिवस घराकडे फिरकला नाही, तर ते आपोआप घरात ठेवलेल्या सोबत्याला मिळायचं. घराचे पैसे द्यायला तयार असलेल्या जितेशला अक्षयने सोबती करून घेतलं, आपल्या फोनवरून गेम काढून टाकला आणि दिवस मोजत बसला.

अंबरनाथच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाचा तेवढाच विरंगुळा होता. वडिलांचा पाय मोडला तेव्हा त्याने त्यांनाही ते घर हौसेने फिरवून दाखवलं होतं. "अण्णा, ही समुद्राकडची खोली तुमची," म्हणाला होता. अण्णा "बरं" एवढंच म्हणाले होते.

आता तो विरंगुळा कात्रपच्या फ्लॅटसाठी सोडायचा होता. कुळगावातल्या दोन खोल्यांत अण्णा स्वयंपाकघराच्या दारातच गादी टाकून झोपायचे. पहाटे स्वप्नाली सासऱ्यांना वळसा घालून गॅसपर्यंत जायची आणि तिला रोज वाईट वाटायचं. कात्रपला एक खोली जास्त होती, ती अण्णांची. जितेशचे पैसे आले की बुकिंग करायचं ठरलं होतं. बिल्डर शनिवारपर्यंत थांबणार होता.

"खरं सांगा," स्वप्नाली म्हणाली, "अधूनमधून बघितलंत ना?"

"शपथ घेऊ?"

"नको. तंबाखूचीही घेतली होतीत."

"सूनबाई, दमून आलाय तो, चहा दे त्याला," अण्णा म्हणाले आणि गॅलरीत जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं. अक्षयच्या जुन्या फोनवर हरिपाठ लावून बसायची सवय त्यांना प्लास्टरच्या दिवसांत लागली होती.

अक्षयला संताप आला होता, पण तो काढणार कोणावर? कंपनीकडे तक्रार करायची तर काय लिहायचं? माझं घर माझ्या हातून जात का नाही, असं कोणी विचारतं का? शेवटी त्याने लिहिलं, "मी महिनाभर आलो नाही, तरी घर माझ्याकडेच कसं?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "अभिनंदन! आपण नियमित रहिवासी असल्याने आपले घर सुरक्षित आहे."

नियमित म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती ही अशी. त्याने पुन्हा लिहिलं, महिनाभराच्या भेटींची नोंद मागितली आणि वाट बघत राहिला.

मनातल्या मनात त्याने तीसही दिवस उलटेपालटे करून पाहिले. एकदाही चूक झाली नव्हती. मुरबाडच्या लग्नात सगळे आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसले असताना हा हाताची घडी घालून बसला होता. त्या दिवशी घरातून निघायलाच उशीर झाला होता. शेजारच्या बनूबाईंकडे किल्ली दिल्याशिवाय, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायला बजावल्याशिवाय अण्णा हलेनात. एसटी चुकली. आणि मग तेच अण्णा ऐन पंगतीतून उठून मांडवाबाहेर रेंज शोधत फिरले. तेव्हाही अक्षय त्यांच्यावर चिडला होता.

शुक्रवारी जितेशने गेममधलंच दुसरं घर पाहिलं. "तेरे भरोसे नहीं रह सकता, भाई," म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

शनिवारी बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. फ्लॅट दुसऱ्या पार्टीला दिला होता. स्वप्नालीने अण्णांची गादी उचलून, झटकून, पुन्हा दारातच घातली.

संध्याकाळी कंपनीची नोंद आली. अक्षय उंबऱ्यावर बसून वाचू लागला. तीस दिवस, तीस ओळी. सगळ्या जवळजवळ सारख्याच, त्याच्याच खात्यावरून, पण जुन्या फोनवरून. आगमन सात वाजून पाच मिनिटं. समुद्राकडची खोली. दिवा लावला. मुक्काम एक मिनिट.

मागून अण्णांचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"अक्षय, या फोनचं चार्जिंग संपलं रे," ते म्हणाले. "सात वाजून गेले, माझ्या खोलीत अजून अंधार आहे."