शेवटचा शब्द

"पाणी हवंय का, आई?"

"हवंय का, आई," नीलांबरी म्हणाली.

स्वानंदीने पेल्यातली नळी आईच्या ओठांना लावली. स्ट्रोक आल्यापासून नीलांबरीला स्वतःहून एक शब्द सुचत नव्हता. समोरच्याच्या वाक्याची शेपटी तेवढी ती उचलायची. तिला किती कळतंय, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नव्हतं. उजवा हात हॉस्पिटलच्या पांघरुणावर निपचित पडलेला. चेहरा मात्र तस्साच होता. ख्राइस्टचर्चच्या मराठी मंडळातल्या बायका फोटोत तिच्या शेजारी उभं राहायला का कचरतात, ते अजूनही कळावं असा.

"बाबा, आम्हाला शाळेत क्लासिक्सच्या तासाला डिट्टो अशीच स्टोरी आहे," आईचे केस विंचरत स्वानंदी म्हणाली. "एको नावाची वनदेवी असते. जुनो म्हणजे देवांची राणी. तिला संशय, की नवरा वनदेव्यांच्या मागे असतो. ती त्याला पकडायला गेली, की एको तिला गप्पांत अडकवून ठेवायची. जुनोला ते कळलं. शी वॉज सो जेलस! तिने एकोचं बोलणंच काढून घेतलं. दुसऱ्याचे शेवटचे शब्द परत म्हणायचे, दॅट्स ऑल."

"मग?" धैर्यशीलने विचारलं.

"मग ती एका मुलाच्या प्रेमात पडली. खूप देखणा होता. पण सांगणार कशी? त्याने आधी तसं काही बोलायला हवं ना. अँड ही ओन्ली एव्हर टॉक्ड अबाउट हिमसेल्फ."

"आणि यावर परीक्षा घेतात?"

"हीप्स! ढिगाने," म्हणून ती हसली, दप्तर उचललं आणि बस पकडायला गेली.

दुपारी मोरेश्वर आला. घरच्या झाडाची फिजोआ फळं पिशवीत घालून आणली होती. मंडळाच्या एका नाटकात तो नीलांबरीचा नायक होता. त्या नाटकानंतर नीलांबरीने पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाही. धैर्यशीलने नको म्हटलं नव्हतं. तो फक्त जेवायचा थांबला होता.

"ओळखलंस ना मला?" मोरेश्वरने वाकून विचारलं.

"ओळखलंस ना मला," ती म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले. "न ओळखायला काय झालं!"

"काय झालं," ती म्हणाली.

त्याला पुढे बसवेना. पिशवी टेबलावर ठेवून, धैर्यशीलच्या खांद्यावर नुसता हात टेकवून तो निघाला. धैर्यशील त्याला लिफ्टपर्यंत सोडून आला, खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि खुर्ची पुढे सरकवली. मंडळातून घरी येताना गाडीत त्याने हा प्रश्न कितीदा विचारला होता. दर वेळी ती "काय हो हे," एवढंच म्हणून काचेबाहेर बघत राहायची.

"नीला, आज खरं सांग. तुझं प्रेम कुणावर होतं? त्याच्यावर, की माझ्यावर?"

"माझ्यावर."

त्याच्या छातीवरचा दगड उतरला. तिचा हात उचलून त्याने गालाशी धरला. पण तो पडला इंजिनिअर. पुलावर एकाच बाजूने भार टाकून कुणी चाचणी घेतं का?

"माझ्यावर, की त्याच्यावर?"

"त्याच्यावर."

त्याने पुन्हा विचारलं. मग उलटं करून विचारलं. मग पुन्हा सुलटं. ती प्रामाणिकपणे उत्तरं देत राहिली. त्याचा आवाज चढत गेला, तशी नर्सने पडद्यातून मान आत घातली.

"एव्हरीथिंग ओके, लव्ह?"

"ओके, लव्ह," नीलांबरी म्हणाली.

नर्स गेली. तेव्हा त्याला दिसलं, की तिच्या डाव्या डोळ्यातून पाण्याची धार कानापर्यंत ओघळली होती. ती पुसायचंही तिला जमलं नव्हतं. त्याने रुमालाने पुसली. खिडकीखालच्या बागेत ओकची पानं गळत होती.

ही आत्ता बोलू शकली असती तर काय बोलली असती? त्याने आठवून पाहिलं. कुठल्या समारंभात तिने कुठली साडी नेसली होती, कोण तिच्याकडे किती वेळ बघत होतं, कुणाच्या विनोदाला ती हसली होती, सगळं त्याला तोंडपाठ होतं. तिचं स्वतःचं एक वाक्य काही आठवेना. मग डोळ्यांसमोर आलं ते स्वयंपाकघर. फार्मसीतली ड्युटी संपवून आलेली नीलांबरी दोन्ही हात ओट्यावर टेकून, त्याच्याकडे पाठ करून उभी आहे आणि तो मागून विचारतोय, आज कोणकोण आलं होतं दुकानात?

तो तिच्या कानाशी वाकला. बाईचं क्रियापद तोंडातून काढताना त्याची जीभ अडखळली.

"मी दमले," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मी दमले."

आता तो काही बोलला नाही. ओठ घट्ट मिटून बसून राहिला. बाहेरून चहाची गाडी आली, खडखडत पुढे निघून गेली.

"खूप," नीलांबरी म्हणाली. "खूप दमले."

'खूप' त्याने म्हटलेलं नव्हतं.