मंगळवारची शांतता

प्रसंग संपला की त्याच खोलीची तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करायची, हा असाबा शहरातल्या सिनेमावाल्यांचा शिरस्ता. तेवढा वेळ सगळे श्वास रोखून उभे राहतात. पुढे एडिटिंगमध्ये संवादांमधल्या फटी याच शांततेने बुजवतात.

एडिटर न्वाकाएगो हेडफोन लावून मंगळवारची शांतता ऐकत होती. सुरुवातीला चौघांनी श्वास आत ओढला. शेवटी तिघांनीच सोडला.

तिने साउंडवाल्या ओक्वुदिलीला फोन लावला. "मंगळवारी खोलीत कितीजण होतात रे?"

"मी, डायरेक्टर आणि हिरॉइन. तिघंच. का?"

"चौथं कोणीतरी श्वास घेतंय."

"ताई, आधी मूठभर गरीचा रवा भिजवून खा. उपाशीपोटी भास होतात!"

"मेल्या, थट्टा नको."

"मग कापून टाक की!"

तिने तो चौथा श्वास शोधून कापला. पुन्हा ऐकलं. तिघांनी घेतला, तिघांनी सोडला. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाहेरचा जनरेटर बंद पडला आणि स्क्रीन काळी झाली. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. भरदुपारी खोली चिडीचूप झाली.

आणि तिच्या कानामागे कोणीतरी मंगळवारपासून रोखलेला श्वास सावकाश सोडला.