धाकटीच्या वतीने

बाईंनी आईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत ओला स्कर्ट होता, नीट घडी घातलेला.

"तास चालू असताना झालं. जाऊ का म्हणून विचारलंच नाही तिनं," बाई म्हणाल्या. "एखादे वेळी होतं लहान पोरांचं. पण हिचं आता वरचेवर होतंय."

आई दिवसभर विजेच्या तक्रारींच्या खिडकीत बसायची. समोरच्याची चूक गोड आवाजात दाखवून देणं तिला नवीन नव्हतं.

"तुमची गल्लत होतेय बाई. जुळ्या ना, सगळ्यांचीच होते. ही धाकटी असेल. चुकून तुमच्या वर्गात येऊन बसली असेल. ती पहिल्यापासून मुखदुर्बळ. थोरली काय, बोलून बोलून डोकं उठवते."

"गल्लत व्हायला दोघी समोर लागतात हो," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे आता एकच आहे. आणि तुमची धाकटी पलीकडच्या तुकडीत इतकी बोलते, की तिथल्या बाईंचाच घसा बसलाय."

खेळाच्या तासामुळे रिकाम्या झालेल्या वर्गात आईनं मागच्या बाकाकडे पाहिलं. शाळेच्या कपाटातला ढगळ स्कर्ट कमरेशी मुठीत धरून एक मुलगी बसली होती. आईनं तिला परक्या माणसासारखं निरखलं. थोरलीच होती.

"मागच्या वर्षी दोघी माझ्याच वर्गात होत्या," बाई आवाज उतरवून म्हणाल्या. "थोरली उठून सांगायची, 'बाई, हिला तहान लागलीय.' मी दोघींना सोडायची. पाणी प्यायची थोरली. धाकटी आपली नळाशी उभी. मला वाटायचं, किती सांभाळते बहिणीला! स्वतःसाठी म्हणून तिनं एकदाही काही मागितलं नाही, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय."

पालकांसाठी ठेवलेल्या एका व्याख्यानात 'जुळी म्हणजे दोन स्वतंत्र व्यक्ती' हे वाक्य आईनं ऐकलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. मग शाळेत खेटे घालून, बाई नको नको म्हणत असताना, दोघींच्या तुकड्या वेगळ्या करून घेतल्या होत्या. घरी रडारड झाली तेव्हा मात्र तिनं सगळं मुख्याध्यापिकांच्या माथी मारलं. तेव्हापासून त्या समोर आल्या की दोघी तोंड फिरवत. पोरींना वळण नाही, असं मुख्याध्यापिकांचं मत झालं होतं. आईनं ते होऊ दिलं होतं.

आता ती बाकाशी जाऊन उभी राहिली.

"अगं, बाईंना सांगायचं ना, मला जायचंय म्हणून."

थोरली बाकाकडे बघत राहिली. "धाकटी नव्हती," ती म्हणाली.

एवढ्यात शाळा सुटली आणि धाकटी वर्गात घुसली. बुटाची नाडी सुटलेली, तोंडाची टकळी चालू. आज आपण फळ्यावर गणित केलं, आपल्याला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि आपण मागितली म्हणूनच मिळाली.

तिला पाहताच थोरलीचा चेहरा उजळला. ती एका हातानं स्कर्ट सावरत उठली, दुसऱ्या हातानं बहिणीची बाही धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, हिला भूक लागलीय."

"छे! मला कुठे?" धाकटी म्हणाली. "मला लागली की मी सांगते ना!"

थोरलीनं बाही सोडली.

बाई फळा पुसायला वळल्या. आई धाकटीच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसली. नाडी हातातच राहिली. तिनं धाकटीच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"लागलीय म्हण ना गं, राणी."