सुविचाराखालचा पासवर्ड

आमच्या शाळेत निम्मे कॉम्प्युटर विंडोजवर, निम्मे लिनक्सवर. प्रश्नपत्रिकांचा फोल्डर सगळ्यांवर उघडावा म्हणून मी तीन दिवस डोकेफोड केली आणि प्रत्येक शिक्षकाला वेगळा पासवर्ड दिला. मुख्याध्यापक भडकले.

"अश्विनी मॅडम, एवढे पासवर्ड कशाला? सगळ्यांना एकच ठेवा आणि फळ्यावर लिहून टाका."

"सर, फळ्यावर?"

"मग? सगळी आपलीच माणसं आहेत!"

लिहिला. स्टाफरूमच्या फळ्यावर, आजच्या सुविचाराखाली, त्यांच्याच देखत.

आठवड्याच्या आत गणिताचा पेपर पारनेरभर मोबाईलवर फिरला. सर माझ्याशी बोलेनात.

सोमवारी गेटवर शिपाई कारभारीमामांनी मला थांबवलं. "मॅडम, तुमी काळजी करू नका. चूक कुनाची हाय, ते समद्यांना म्हाईत हाय."

"कसली काळजी?"

"त्या नोटिशीची. पेपर फोडला म्हनून तुमाला कामावरून काढायची."

"मला कुठं मिळालीय नोटीस?"

"न्हाई मिळाली? आमी तर शनिवारीच वाचली. सरांनी त्याच फोल्डरात ठिवलीय की. वर लाल अक्षरात 'अत्यंत गोपनीय' लिवलंय."